जिनसेंगची बाटली आणि चार महिने न आलेली पाळी

पत्र

ताई, नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. वय 20, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. 5000 मीटर धावते, रोज पहाटे कुमठा नाक्याच्या क्रीडा संकुलात सरावाला असते. गेल्या हिवाळ्यात माझी वेळ 19 मिनिटं 20 सेकंद होती, आता 20 मिनिटांच्या खाली येतच नाही. तिसऱ्या किलोमीटरनंतर पाय जड होतात, दम लागतो. सर म्हणतात, मनानं कमी पडतेस.

ओळखीचे एक दादा जिम चालवतात. त्यांनी कोरियन जिनसेंगची बाटली दिली आहे. 60 कॅप्सूल, 2,400 रुपये. पैसे महिनाअखेर द्यायचे आहेत. वनस्पती आहे, साइड इफेक्ट नाही, डोपिंगमध्ये येत नाही, परदेशातले धावपटू हेच घेतात, असं ते म्हणाले. वडिलांना शुगर आहे, त्यांनाही चालेल म्हणाले. आई म्हणते, एवढ्या पैशात अश्वगंधा घे, ती आपली तरी आहे.

वडील टॉवेलच्या कारखान्यात आहेत, आई विड्या वळते. रात्री मी तिला मदत करते, झोपायला साडेअकरा होतात आणि साडेचारला उठते. सोमवार-गुरुवार उपवास असतो. वजन 52 वरून 48 झालं, सर त्यावर खूश आहेत. पाळी चार महिने आलेली नाही, पण संकुलातल्या मुली म्हणतात की धावणाऱ्यांचं असंच असतं, उलट बरंच आहे. डाव्या नडगीत अधूनमधून दुखतं. तर जिनसेंग सुरू करू का? नको असेल तर दादांना काय सांगू? हिवाळ्यात विद्यापीठाच्या संघाची निवड आहे. नाव छापू नका.

उत्तर

बाळा, बाटली उघडू नकोस. आणि या आठवड्यात डॉक्टरांकडे जा. जिनसेंगसाठी नाही, पाळीसाठी आणि नडगीसाठी.

तुझं पत्र जिनसेंगबद्दल आहे, म्हणून आधी त्याचंच बोलते. पण मला काळजी वाटली ती शेवटी जाता जाता लिहिलेल्या दोन वाक्यांची. त्यांच्याकडे येतेच.

जिनसेंग म्हणजे एका छोट्या रोपाचं मूळ. कोरियात आणि चीनमध्ये शेकडो वर्षं अशक्तपणावर ते देत आले आहेत. त्यातल्या मुख्य द्रव्यांना जिनसेनोसाइड म्हणतात. हे मूळ किंवा त्याचा अर्क दिलेले उंदीर पाण्यात जास्त वेळ पोहत राहतात, असे प्रयोग बरेच झाले आणि जाहिरातींमधला मोठा भाग त्यांच्यावरच उभा आहे. दुसरा आधार जुन्या सोव्हिएत रशियातल्या कामाचा. तिथं 1960 च्या दशकात कामगार, सैनिक, खेळाडू अशा अनेकांना अशा वनस्पती दिल्या गेल्या आणि थकवा कमी झाल्याचे अहवाल आले. मात्र त्यातल्या बऱ्याच प्रयोगांत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. सगळ्यांना औषध दिलं आणि सगळ्यांना बरं वाटलं, यावरून औषधानंच बरं वाटलं हे कळत नाही. ज्याला नवी गोळी मिळते तो त्या आठवड्यात सरावही जोरात करतो.

नीट तुलना केली तेव्हा काय झालं ते बघ. 1997 मध्ये अमेरिकेत 36 निरोगी पुरुषांचे गट केले. काहींना रोज 200 मिलिग्रॅम, काहींना 400 मिलिग्रॅम जिनसेंगचा अर्क, तर काहींना दिसायला तशीच पण रिकामी कॅप्सूल. कुणाला काय मिळतंय ते कुणालाच सांगितलं नव्हतं. 8 आठवड्यांनी सायकलवर जीव तोडून दमवलं. प्राणवायू वापरण्याची क्षमता, नाडी, दमल्यावर रक्तात वाढणारं लॅक्टेट, दमल्याची भावना, यातल्या कशातही फरक पडला नाही. 'सायबेरियन जिनसेंग' म्हणून विकतात ती तर वेगळीच वनस्पती आहे. तिचा 20 तयारीच्या लांब पल्ल्याच्या धावपटूंवर प्रयोग झाला, तिथंही हाती काही लागलं नाही. अधूनमधून एखाद्या छोट्या अभ्यासात थोडा फायदा दिसतो, पण पुढच्या अभ्यासात तो टिकत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी 2018 मध्ये पूरक पदार्थांवर एक मोठं निवेदन काढलं. कामगिरीसाठी चांगला पुरावा असलेली मोजकी नावं त्यात आहेत: कॅफीन, क्रिएटिन, बीटमधलं नायट्रेट, बीटा-अ‍ॅलनिन आणि खायचा सोडा म्हणजे बायकार्बोनेट. जिनसेंग त्यात नाही.

परदेशातले धावपटू हेच घेतात, या वाक्याचा मला राग येतो, कारण अशाच वाक्याच्या आडून लांब पल्ल्याच्या मुलींवर फार मोठा अन्याय झाला आहे. तू 5000 मीटरची आहेस, तर ही गोष्ट तुला माहीत असायला हवी. 1993 मध्ये चीनच्या मा जुनरेन या प्रशिक्षकाच्या मुलींनी जग हलवून सोडलं. श्टुटगार्टच्या जागतिक स्पर्धेत 3000 मीटरची तिन्ही पदकं त्यांची. पुढच्याच महिन्यात बीजिंगमध्ये वांग जुनशियानं 10,000 मीटर 29 मिनिटं 31.78 सेकंदात पूर्ण केलं. हा विक्रम 2016 पर्यंत, म्हणजे 23 वर्षं टिकला. तिची 3000 मीटरची 8 मिनिटं 6.11 सेकंद ही वेळ अजूनही कुणी मागे टाकलेली नाही. हे कसं जमलं, असं विचारल्यावर प्रशिक्षक सांगायचे: कासवाचं रक्त आणि कीडाजडीचा, म्हणजे अळीवर उगवणाऱ्या एका बुरशीचा, काढा. जगभर कीडाजडीचा बाजार तेव्हापासून वाढला. पुढं 2000 च्या सिडनी ऑलिंपिकआधी रक्ततपासणी संशयास्पद आली आणि त्याच प्रशिक्षकाच्या 7 पैकी 6 धावपटूंना चीननं संघातून वगळलं. 2016 मध्ये एक पत्र प्रसिद्ध झालं. 1995 साली लिहिलेलं, खाली वांग जुनशिया आणि तिच्या मैत्रिणींच्या सह्या. आम्हाला बंदी असलेली औषधं जबरदस्तीनं दिली जात होती, असं त्यात लिहिलं होतं. काढ्याचं नाव पुढं करून दुसरंच काही मुलींच्या अंगात घातलं जातं, हे या खेळानं पाहिलेलं आहे.

म्हणून 'वनस्पती आहे, डोपिंगमध्ये येत नाही' हे वाक्य मी अजिबात मान्य करणार नाही. जिनसेंग स्वतः बंदीच्या यादीत नाही, एवढंच त्यातलं खरं. बाटलीत जिनसेंगच आहे, हे कुणी तपासलं? 1994 मध्ये 11 देशांत विकल्या जाणाऱ्या 50 जिनसेंग उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या 6 उत्पादनांत जिनसेंगची खास द्रव्यं सापडलीच नाहीत, आणि त्या सहांपैकी एकात चक्क इफेड्रिन हे बंदी असलेलं उत्तेजक होतं, तेही भरपूर. ते घेतलेला स्वीडनचा एक खेळाडू डोपिंगमध्ये अडकला होता. 2001 मध्ये अमेरिकेत 25 उत्पादनं तपासली तेव्हा वनस्पती बरोबर निघाली, पण कॅप्सूलमधल्या जिनसेनोसाइडच्या प्रमाणात एका बाटलीपासून दुसऱ्या बाटलीत 15 पटींपर्यंत फरक होता. आणि ऑलिंपिक समितीच्या पैशानं 13 देशांतली 634 पूरक उत्पादनं तपासली गेली, तेव्हा 94 उत्पादनांत लेबलवर न लिहिलेली, पुरुषी संप्रेरकांसारखी द्रव्यं सापडली. म्हणजे जवळजवळ दर सातांत एक.

शिवाय वनस्पतीतच बंदी असलेलं द्रव्य असू शकतं. आपल्याकडं सांधे-नसा दुखल्यावर विषतिंदुक वटी सर्रास देतात. ती शुद्ध केलेल्या कुचल्याची, म्हणजे काजऱ्याच्या बियांची असते. कुचल्यात स्ट्रिकनिन हे विषारी उत्तेजक असतं, आणि स्पर्धेच्या काळात स्ट्रिकनिनला बंदी आहे. 1904 च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकणाऱ्या टॉमस हिक्सला वाटेत स्ट्रिकनिन आणि ब्रँडी पाजली होती. तो कसाबसा शेवटच्या रेषेपर्यंत पोहोचला आणि कोसळला. भांगेतल्या कॅनाबिनॉइडना स्पर्धेच्या काळात बंदी आहे. कमळाच्या बियांतल्या हिरव्या कोंबात हायजेनामाइन असतं, त्याचं नाव 2017 पासून यादीत आहे. नडगी दुखते म्हणून उद्या कुणी तुला 'आयुर्वेदिकच आहे, घे' म्हणून गोळी दिली, तर ती नक्की कसली आहे ते आधी विचार.

डोपिंगच्या नियमांत एक कडक गोष्ट आहे, ती कुणी मुलांना वेळेवर सांगत नाही: तुझ्या लघवीत जे सापडेल त्याची जबाबदारी तुझी. दादांनी दिलं, सरांनी सांगितलं, लेबलवर नव्हतं, हे सगळं नंतर शिक्षा कमी करण्यासाठी मांडता येतं, पण बंदी 2 ते 4 वर्षांची असू शकते. विसाव्या वर्षी 4 वर्षं गेली तर काय उरतं? विद्यापीठ पातळीवर कोण तपासायला येतंय, असंही समजू नकोस. राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्था म्हणजे नाडा हल्ली विद्यापीठांच्या स्पर्धांतही नमुने घेते. 2023 मध्ये भारतातले 5,606 नमुने तपासले गेले आणि 213 दोषी निघाले. जास्त चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत वाईट होतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या राज्य स्पर्धेत नाडाचे लोक आल्याचं कळताच खेळाडू पसार झाले आणि पुरुषांच्या 100 मीटरच्या अंतिम शर्यतीत एकच जण धावला. मला त्या मुलांची चीडही येते आणि कीवही येते. त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या हातात पहिली बाटली कुणीतरी ओळखीच्यानंच दिलेली असते.

आईच्या अश्वगंधेचं म्हणशील तर तिच्या बाजूनं जिनसेंगपेक्षा थोडं जास्त आहे. 2015 मध्ये 57 तरुण पुरुषांना 8 आठवडे दिवसातून दोनदा 300 मिलिग्रॅम अर्क देऊन वजनांचा व्यायाम करायला लावला, तेव्हा रिकामी कॅप्सूल घेणाऱ्यांपेक्षा त्यांची ताकद जास्त वाढली. दमसासाबद्दलही काही चांगले निष्कर्ष आहेत. पण हे अभ्यास लहान आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांना अर्क बनवणाऱ्या कंपन्यांचीच मदत आहे. दुसऱ्या बाजूला अश्वगंधा घेतल्यावर यकृताला सूज येऊन कावीळ झाल्याच्या नोंदी आहेत, थायरॉईडची संप्रेरकं वाढू शकतात, आणि डेन्मार्कनं 2023 मध्ये ती विकायलाच बंदी घातली. तुझी पाळी बंद आहे. तिचं कारण कळायच्या आत संप्रेरकांवर परिणाम करू शकणारं काहीही पोटात जायला नको. आईला सांग, मूळ आपलं असलं तरी आत्ता नको. वडिलांना तर जिनसेंग मुळीच देऊ नका. ते रक्तातली साखर कमी करू शकतं, आणि शुगरच्या गोळ्या चालू असताना साखर एकदम खाली गेली तर कारखान्यात मशिनीजवळ चक्कर येईल.

आता पाळीचं.

धावणाऱ्या मुलींची पाळी जाते, हे अगदी खरं. ते 'बरंच' आहे, हे साफ खोटं. धावणं थोडं आणि खाणं पुरेसं असेल तर शरीर सगळी कामं करतं. धावणं वाढलं आणि खाणं तेवढंच राहिलं, किंवा कमी झालं, तर शरीर जिवंत राहायला ज्याची तातडीनं गरज नाही ती कामं बंद करायला लागतं. पहिली जाते पाळी. मग हाडांची भर थांबते, रक्त कमी होतं, जखमा भरत नाहीत, झोप बिघडते, आणि एवढा सराव करूनही वेळ घसरते. ऑलिंपिक समितीनं 2014 मध्ये या सगळ्याला मिळून एक नाव दिलं, डॉक्टर त्याला थोडक्यात 'रेड-एस' म्हणतात. तुझ्या पत्रातली वाक्यं शेजारी शेजारी ठेवून बघ. चार किलो वजन गेलं, पाळी गेली, तिसऱ्या किलोमीटरला पाय जड होतात, नडगी दुखते, वेळ 40 सेकंदांनी मागं गेली. सरांना त्यात मन कमी पडलेलं दिसतं. मला न जेवलेली, न झोपलेली मुलगी दिसते.

थोडा हिशेब करू. तुझ्या 48 किलोंतली चरबी वगळली तर साधारण 39 किलो उरतात. धावण्यात जाणारी ऊर्जा वजा केल्यावर, या प्रत्येक किलोमागं दिवसाला सुमारे 45 कॅलरी मिळाल्या तर शरीराचं सगळं नीट चालतं, आणि 30 च्या खाली गेलं की पाळी आणि हाडं धोक्यात येतात, असं संशोधक मानतात. 39 गुणिले 45, म्हणजे 1,755. रोज 10 किलोमीटर धावत असशील तर त्याचे अंदाजे 480 वेगळे. म्हणजे सव्वाबावीसशेच्या आसपास, तेही कॉलेजला चालत जाणं, घरकाम यांत थोडं इकडंतिकडं धरून. सोमवारी आणि गुरुवारी तू याच्या किती जवळ पोहोचतेस? बहुतेक अर्ध्यावरही नाही. आणि पहाटे रिकाम्या पोटी धावून सात वाजता नुसता चहा-बिस्किट होत असेल, तर बाकीच्या पाच दिवसांचंही कठीण आहे.

डॉक्टरांकडे जाशील तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञ बघ. सिव्हिल हॉस्पिटलची ओपीडी आहेच, तिथं जायला संकोच करू नकोस. आई बरोबर असली तर उत्तम. चार महिने पाळी नाही, वजन चार किलो कमी झालं, रोज किती धावते, हे तिन्ही एका दमात सांग, कारण धावण्याचं सांगितलं नाहीस तर ते त्यांच्या डोक्यात येणार नाही. गर्भधारणेची तपासणी आधी करतील. ती प्रत्येकीची करतात, मनाला लावून घेऊ नकोस. त्याबरोबर हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉईड, प्रोलॅक्टिन, ब-12 आणि ड जीवनसत्त्व यांबद्दल विचार. सगळ्यांचे पैसे एकदम जमणार नसतील तर पहिले तीन आधी कर. बहुतेक ठिकाणी पाळी आणायची गोळी देतात. ती घेतल्यावर रक्तस्राव झाला, तरी त्यावरून कारण गेलं असं समजू नकोस. कमी खाण्यानं पाळी गेली असेल तर ती खाण्यानंच परत येते, आणि त्याला काही महिने लागतात. हाडं आत्ताच्या वयात भरतात. विशीत गेलेली भर पुढं पूर्ण परत मिळेलच असं नाही, म्हणून मी एवढी मागं लागते आहे.

फेरिटिनचं थोडं सविस्तर सांगते. ते शरीरातला लोहाचा साठा दाखवतं. हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया म्हणतात, पण धावपटूंत हिमोग्लोबिन 12 च्या वर असूनही साठा रिकामा असू शकतो, आणि पाय जड व्हायला, दम लागायला तेवढं पुरतं. फेरिटिन 30 च्या खाली असलं तर क्रीडावैद्यक लक्ष घालतात. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना अ‍ॅनिमिया आहे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत हा आकडा 54.2 टक्के आहे. तू त्यात असण्याची शक्यता मोठी आहे. लोहाच्या गोळ्या रिपोर्ट बघूनच, डॉक्टरांनी सांगितल्या तेवढ्याच. गरज नसताना घेतलेलं लोह त्रास देतं.

सोलापुरात रक्त वाढवायचं म्हटलं की घरोघरी डाळिंब आणतात. आपलं डाळिंब गोड आहे, खा, पण त्यात लोह अगदीच थोडं असतं. त्यापेक्षा बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, डाळ, पालेभाजी, अळीव, घरात चालत असेल तर अंडी आणि मटण. जेवताना लिंबू पिळ, त्यानं लोह शोषलं जातं. चहा मात्र जेवणापासून तासभर दूर ठेव, तो लोह अडवतो. आणि शेंगा चटणी हात राखून वाढू नकोस. दाण्यांत ऊर्जाही आहे, प्रथिनंही आहेत, तुझ्यासारखीला दोन चमचे जास्तच हवेत. पहाटे निघताना एक केळं किंवा गूळ-शेंगदाणे, आणि परत आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात खरं जेवण: भाकरी, दूध किंवा ताक, उसळ. कडक भाकरी डब्यात ठेवता येते, संकुलातूनच खाऊन कॉलेजला जा. उपवासाचं मी जपून सांगते, कारण ती श्रद्धेची गोष्ट आहे. पाळी नियमित होईपर्यंत दोन्ही दिवस सोड. तुझ्या शरीराला आत्ता ते झेपत नाहीत. फारच मन धरत नसेल तर उपवासाच्या दिवशी धावू नकोस, आणि फराळ पोटभर कर, साबुदाण्यात दाण्याचं कूट सढळ, वर दूध, केळी, रताळं.

नडगीला बोट लावून बघ. एकाच ठिकाणी, रुपयाएवढ्या जागेत, दाबल्यावर कळ येते का? त्या पायावर एकदा उडी मारल्यावर कळ येते का? येत असेल तर धावणं आजपासून बंद, आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखव. पाळी बंद असलेल्या मुलीच्या हाडाला बारीक तडा जाणं ही नेहमीची गोष्ट आहे, आणि सुरुवातीच्या साध्या एक्स-रेमध्ये तो बहुतेकदा दिसत नाही. एक्स-रे ठीक आला म्हणून लगेच धावायला लागू नकोस. पूर्ण नडगीवर पसरून ठणकत असेल तर कारण वेगळं असू शकतं, पण तपास तेव्हाही हवाच.

झोपेबद्दल लिहिताना माझा हात अडतो. आईला मदत करू नकोस, हे मी सांगू शकत नाही. हजार विड्या भरल्याशिवाय तिची मजुरी नीट हातात पडत नसणार, हे मला कळतं. पण पाच तासांच्या झोपेवर 5000 मीटर सुधारत नाही. आईबरोबर बसून बघ: दुपारी कॉलेजहून आल्यावर एक तास विड्या आणि रात्री दहाला झोप, असं काही जमतं का? आठवड्यातले दोन दिवस पहाटेचा सराव सोडून संध्याकाळी धावलीस तर त्या दोन दिवशी सहापर्यंत झोपता येईल. उन्हाळ्यात हे जमणार नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा त्रेचाळीसच्या पुढं जातो आणि संध्याकाळी सातलाही डांबर तापलेलं असतं, तेव्हा पहाटच बरी आणि दुपारची झोप. आणखी एक, तुम्हा दोघींसाठी: विड्या वळताना तोंडाला ओढणी बांधा, खिडकी उघडी ठेवा, झाल्यावर हात साबणानं धुवा. तंबाखूची धूळ फुप्फुसात जाते आणि निकोटिन कातडीतूनही शिरतं. निकोटिनला बंदी नाही, त्यामुळं डोपिंगची भीती नको. फुप्फुसं मात्र तुला लागणार आहेत.

मग काहीच घ्यायचं नाही का, असं तुला वाटेल. पाळी, रक्त आणि हाड मार्गी लागल्यावर, निवडीच्या वेळी दोन स्वस्त गोष्टी आहेत. एक कॉफी. कॅफीनला 2004 पासून बंदी नाही, आणि शरीराच्या दर किलोमागं 3 मिलिग्रॅम, म्हणजे तुला दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास, शर्यतीच्या तासभर आधी घेतल्यास फायदा होतो याला भक्कम आधार आहे. इन्स्टंट कॉफीचे चहाचे दोन चमचे शीग भरून घालून केलेला कप साधारण तेवढा होतो. आधी सरावात करून बघ, कुणाकुणाला धडधडतं किंवा पोट ढवळतं. दुसरं बीट. त्यातल्या नायट्रेटमुळं तेवढ्याच वेगाला प्राणवायू थोडा कमी लागतो. सुरुवातीच्या प्रयोगांत लोकांना रोज अर्धा लिटर रस दिला होता. शर्यतीच्या दोन-तीन तास आधी घेतात, आणि त्या दिवशी माउथवॉशनं चूळ भरायची नाही, कारण नायट्रेटवर पहिलं काम तोंडातले जंतू करतात. लघवी लाल झाली तर घाबरू नकोस. अगदी वरच्या दर्जाच्या धावपटूंना बीटचा फायदा कमी होतो, मधल्या पातळीवरच्यांना जास्त, आणि मुलींवरचे प्रयोग अजून थोडेच आहेत. चार बिटांना जेवढे पैसे लागतात तेवढ्यात करून बघायला हरकत नाही. पुढं कधी कुठलं पूरक घ्यायची वेळ आलीच, तर बॅच तपासून 'इन्फॉर्म्ड स्पोर्ट' किंवा 'एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट' असा शिक्का असलेलंच घे, आणि बिल, बॅच क्रमांक आणि रिकामा डबा जपून ठेव.

दादांना खोटं कारण देऊ नकोस. बाटली सीलबंद आहे, पैसे दिलेले नाहीत, तर उद्याच परत कर. वडिलांना बरोबर घेऊन जा. एवढंच म्हण: "दादा, डॉक्टरांकडे तपासण्या चालू आहेत, त्या होईपर्यंत काही घ्यायचं नाही. आणि मी स्पर्धेत उतरते, त्यामुळं बॅच तपासल्याचा कागद असल्याशिवाय काही घेता येत नाही." ते म्हणाले की अमुक मुलगी घेते, तर तिचं नाव विचारू नकोस, वादात पडू नकोस, बाटली टेबलावर ठेव आणि ये. ते तुझ्या भल्यासाठी देत असतील, शक्य आहे. पण नमुना तुझा घेतला जाईल, त्यांचा नाही.

सरांशी बोलणं जास्त अवघड आहे, मला माहीत आहे. पाळीचं त्यांच्यासमोर काढायला लाज वाटत असेल तर डॉक्टरांकडून चिठ्ठी घे, त्यात सराव किती कमी करायचा ते लिहून माग आणि ती त्यांच्या हातात दे. वजन कमी झाल्यावर खूश होणाऱ्या प्रशिक्षकानं ती चिठ्ठी वाचायलाच हवी. त्यांना हे पान दाखवायचं असेल तर खुशाल दाखव. तुझ्या मैत्रिणींनाही दाखव, कारण 'धावणाऱ्यांचं असंच असतं' म्हणणाऱ्या त्या मुलींतल्या किती जणींची पाळी बंद आहे, हा प्रश्न तुझं पत्र वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

निवडीला अजून महिने आहेत. डॉक्टर म्हणाले तर त्यातले सहा-आठ आठवडे अर्धा सराव कर, पूर्ण जेव. रिपोर्ट आले की हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि नडगीबद्दल हाडांच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते मला लिही. त्यावरून पुढचं बोलू.